दोडक्याच्या तणाव्याचे दोन पीळ

पाठ्यपुस्तकात छापलेले आणि डोळ्यांसमोर दिसणारे एकमेकांशी जुळले नाही, तर विद्यार्थ्याने वहीत काय लिहावे? या लेखात मला एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या बाजूला असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. त्या काळात हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर "जे दिसले ते लिहावे" असे मी तत्काळ सांगितले असते. वर्गात सांगतही होते. मात्र लाल पेन हातात घेतल्यावर बावीस वर्षे मी नेमके उलटे करत होते आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. ते कसे आले, हे सांगण्यापूर्वी वाचकांना एका वहीची आणि एका कुंपणाची ओळख करून देणे आवश्यक आहे.

प्रथम वही. शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्यांनाही विज्ञानाची प्रात्यक्षिक वही आठवत असेल. उजवीकडे रेघांचे पान, डावीकडे कोरे. उजव्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान, याच क्रमाने, शाईने. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती. भागांची नावे एका बाजूला आणि नावांच्या रेघा एकमेकींना न छेदणाऱ्या. सर्व प्रयोग पूर्ण झाले की शिक्षक वही तपासून सही करतात. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू द्यायचे नाही, असा आमच्या शाळेत नियम होता. तो नियम मीच केला होता.

या क्रमात निरीक्षण कृतीनंतर येते आणि त्याला कारण आहे. व्यवहारात मात्र ते कृतीच्या आदल्या दिवशीच येऊन बसते. थोरल्या बहिणीची वही घरात असते. घरात नसली तर गल्लीत असते. सुवाच्य अक्षराची, पूर्ण गुण मिळालेली एखादी वही तर एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे वारसाहक्काने जाते. माझ्या नोकरीच्या बाराव्या वर्षी बीजांकुरणाचा प्रयोग होता. ओल्या कापसावर घेवड्याच्या बिया ठेवायच्या आणि रोज पाहायचे. आमचे शिपाई दत्तूमामा यांनी त्या वर्षी मायेपोटी ताटल्या काठोकाठ पाण्याने भरून ठेवल्या. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत शिरताना नाकाला पदर लावावा लागला. बिया कुजल्या होत्या. त्या दिवशी जमा झालेल्या प्रत्येक वहीत लिहिले होते, "चौथ्या दिवशी अंकुर बाहेर आला."

मी वर्गप्रमुखाला विचारले, "प्रकाश, तू अंकुर कधी पाहिलास?"

"बघायला कशाला पायजे, बाई? चौथ्या दिवशी येतोच की."

मी ताटली त्याच्या पुढे धरली. त्याने वाकून पाहिले, श्वास रोखला, थोडा विचार केला आणि गंभीरपणे म्हणाला, "ह्ये बियाणंच चुकलंय बाई."

हसू आवरले नाही, हे कबूल करते. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मुलगा खोटारडा नव्हता. छापलेले बरोबर, म्हणून बियाणे चूक, असा त्याचा सरळ हिशेब होता, आणि तो आम्हीच त्याला शिकवला होता.

त्यातून कुंपण सुरू झाले. शाळेच्या मागच्या बाजूला तारेच्या जाळीचे कुंपण आहे आणि पलीकडे उसाचा फड. जाळीच्या बुडाशी दोडका, घोसाळे, कारले, काकडी आणि दुधी लावायचे आणि आठवड्यातून एक तास वर्ग तेथे भरवायचा, असा प्रस्ताव मी मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि सांगितले, "करा. पण निकाल खाली आला, तर कुंपणावरचे वेलही खाली येतील." निकाल खाली आला नाही, ही गोष्ट येथे नोंदवताना मला संकोच वाटत नाही.

कुंपणाच्या तासाला थोडी शिस्त लागते. पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. वेलाचे काही तोडायचे नाही. आणि माहीत असलेले सांगायचे नाही, दिसलेले सांगायचे. ही शेवटची अट सर्वांत कठीण. चांगले गुण मिळवणारी मुले येथे अडखळतात, कारण त्यांना पुष्कळ माहीत असते. उलट, वर्गात खाली मान घालून बसणारी मुले येथे बोलू लागतात. घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते आणि दोडक्याचे दिवस कलताना, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. दप्तर पाठीला लावून कुंपणापाशी रेंगाळणाऱ्या आठवीच्या मुलींनी सांगितले. तोवर मी दोडक्याचे फूल दुपारच्या तासाला दाखवत होते आणि "अजून कळी आहे" असे म्हणून पुढे जात होते.

पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याचे वडील तक्रार घेऊन आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आवाज अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढा. "बाई, रानातनं सुटावं म्हणून पोराला शाळंत घातला. आन् तुमी त्याला परत रानाकडंच धाडलासा व्हय? वेल बगायला शाळा कशाला पायजे? माझ्या बांधावर दोडकाच दोडका हाय!"

मी त्यांना एक तास थांबण्याची विनंती केली. ते हाताची घडी घालून कुंपणापाशी उभे राहिले. एका मुलीने विचारले की वेलाला डोळे नाहीत, मग तार कोठे आहे हे त्याला कळते कसे? मी उत्तर देणार, तोच मागून आवाज आला, "हाताला लागतंय, म्हणून कळतंय की!"

"वेलाला हात कुठला, काका?"

"ह्यो काय. तणावा." त्यांनी वेलापासून निघून तारेला बिलगलेला हिरवा दोरा बोटाने दाखवला. पुस्तकात त्याला लतातंतू म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या वर्गात तो तणावाच राहिला. पुढच्या वर्षी त्याच गृहस्थांनी कागदाच्या पुडीत बी पाठवले. पुडीवर लिहिले होते, "गावठी आहे. दुसरं लावू नका."

हा तणावा म्हणजे वेलाचा हात असे समजण्यास हरकत नाही. कोवळा तणावा सरळ वाढत हवेत चाचपडतो. टोक तारेला लागले की ते तारेभोवती विळखा घालते. त्यानंतर मधला सगळा भाग स्प्रिंगसारखा वळत जातो आणि वेल तारेकडे ओढला जातो. स्प्रिंग असल्यामुळे वारा आला तरी वेल झोके खातो, तुटत नाही. कोवळ्या तणाव्याच्या टोकाला काडी हलकेच घासली, तर पुष्कळदा तास संपण्याच्या आत ते वाकलेले दिसते. वळणे मोजता यावीत म्हणून मुले सरळ तणाव्यावर शाईचे बारीक ठिपके देत आणि रोज येऊन पाहत.

या तणाव्याची आकृती मी फळ्यावर फार सुंदर काढत असे. हिरव्या खडूने, हात न उचलता, एका दमात: तारेपासून वेलापर्यंत एकाच दिशेने फिरत गेलेली वळणे. मुले पाहत राहत. ही आकृती मी बावीस वर्षे काढली. त्यांतली शेवटची दहा वर्षे कुंपण माझ्या वर्गापासून तीस पावलांवर होते.

बाविसाव्या वर्षी नववीत नीलोफर नावाची विद्यार्थिनी होती. तिचे वडील पटवेकरी. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सोनार मणी घडवतो, पण ते मणी रेशमी दोऱ्यात ओवून, गाठी मारून, गोंडा लावून दागिना गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवेकरी. गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या गल्लीत त्यांची बैठक होती आणि शाळा सुटल्यावर नीलोफर तेथे दोरे वळायला बसत असे. मुलगी अबोल, अक्षर साधारण, हात मात्र विलक्षण स्थिर. तिला पुढे विज्ञान शाखेला जायचे होते. घरातून होकार मिळाला नव्हता. "सहामाहीचा निकाल बघू, मग ठरवू" असे वडील म्हणाले होते. हे तिने मला स्वतः सांगितले होते, म्हणजे मला ते ठाऊक होते.

सहामाहीपूर्वी वह्या आल्या. नीलोफरच्या डाव्या पानावर तणाव्याची आकृती होती: तारेपासून निघालेली वळणे अर्ध्यापर्यंत एका दिशेने, मग नखाएवढा सरळ तुकडा आणि तेथून वेलापर्यंत उलट दिशेने. मी लाल पेनाने लिहिले, "आकृती चुकली. पुन्हा काढा." दोन दिवसांनी वही परत आली. आकृती नवीन होती, आणि तशीच होती. मी पुन्हा शेरा लिहिला. तिसऱ्या वेळी तिला टेबलापाशी बोलावले.

"फळ्यावर मी काय काढले होते?"

"स्प्रिंग, बाई."

"आणि तू काय काढलेस?"

"स्प्रिंगच. पण अर्ध्यातनं उलटी फिरते ती."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "अगं, बाईंची स्प्रिंग उलटी फिरवतीस व्हय!" वर्ग हसला. नीलोफर हसली नाही. तिने शांतपणे विचारले, "बाई, फळ्यावरची काढू, का कुंपणावरची?"

मी म्हणाले, "पुस्तकात आहे तशी काढ."

"काढते. पण त्याच्यासमोर 'निरीक्षण' म्हणून लिहिणार न्हाई. मी तसं बघितलंच न्हाई, बाई."

प्रामाणिकपणे सांगायचे, तर मला त्या क्षणी केवळ हट्ट दिसला. सोमवारी शाळेची तपासणी होती. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस वह्या सही होऊन कपाटात गेल्या होत्या आणि एक अडून बसली होती. मी सर्वांदेखत सांगितले की शनिवारपर्यंत आकृती बदलली नाही, तर वहीवर सही होणार नाही. आणि वडिलांना भेटायला येण्याची चिठ्ठी दिली.

शुक्रवारी शाळा सुटताना ते आले. चष्मा कपाळावर चढवलेला, शर्टाच्या खिशात लाल रेशमाची लडी. त्यांनी आधी मुलीलाच समजावले. "नीलो, बाई सांगतात तसं काढून टाक की बेटा. एका चित्रापायी परीक्षा घालवणार हाईस?"

"अब्बा, तुम्ही बघा तरी."

मी पुस्तकातली आकृती आणि तिची आकृती शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी चष्मा नाकावर घेतला. पुस्तकाकडे पाहिले, वहीकडे पाहिले, पुन्हा पुस्तकाकडे पाहिले. मग अतिशय अदबीने विचारले, "बाई, रागावू नका. ह्या दोऱ्याचं एक टोक सुटं हाय, का दोन्ही बांधलेली?"

"दोन्ही बांधलेली. एक वेलाला, दुसरे तारेला."

"मग असं हुईलच कसं?" त्यांचे बोट पुस्तकावर होते.

त्यांनी खिशातून लडी काढली, हातभर दोरा दुहेरी केला आणि एक टोक माझ्या हातात दिले. "हे धरा. घट्ट. सोडायचं न्हाई आन् फिरवायचं बी न्हाई." दुसरे टोक नीलोफरच्या हातात दिले. मग दोन पदरांच्या मधोमध आगपेटीची काडी घातली आणि ती गरगर फिरवू लागले. दोरा माझ्या बोटांत ताणला गेला.

"आता बगा. तुमच्या बाजूला उजवा पीळ. पोरीच्या बाजूला डावा. दोन्ही टोकं बांधली की पीळ निम्मा हिकडं, निम्मा तिकडं. एकाच अंगाचा पीळ पायजे असंल, तर एक टोक सुटं ठेवाय लागतंय. आमच्या कामात पैल्या दिवशी हेच शिकवत्यात."

मी शिक्षिका आहे. सहजी हार मानणे अंगवळणी पडलेले नाही. मी म्हणाले, "दोरा म्हणजे वेल नव्हे."

"बराबर हाय," ते म्हणाले. "मग वेलाकडंच जाऊया की."

आम्ही तिघे भिंग घेऊन कुंपणापाशी गेलो. दत्तूमामा वेलांना पाणी घालत होते, ते झारी ठेवून चौथे झाले. पहिला तणावा दोडक्याचा. तारेपासून मोजले: सहा वळणे एका दिशेने, मग सरळ तुकडा, मग सहा वळणे उलट दिशेने. दुसरा तसाच. तिसऱ्यात दिशा तीन ठिकाणी बदललेली होती, पण बदललेली होतीच. कारल्याचा पाहिला, काकडीचा पाहिला. आता मी निरीक्षण करत नव्हते, मला वाचवील असा एक तरी तणावा शोधत होते. आणि तो सापडला. दोडक्याचाच, बुडापासून टोकापर्यंत एकाच दिशेने वळलेला, थेट माझ्या फळ्यावरच्या आकृतीसारखा.

"हा पाहा!" मी म्हणाले. आवाजात विजय होता, हे आज आठवते.

नीलोफरने भिंग घेतले. "बाई, ह्याचं टोक बघा. ह्यानं काही धरलेलंच न्हाई."

खरे होते. त्याला तार मिळालीच नव्हती. हवेत राहून तो नुसता आत वळला होता. एक टोक सुटे, म्हणून पीळ एकाच अंगाचा. माझा अपवादही तिच्याच बाजूने साक्ष देत होता.

मग दत्तूमामा म्हणाले, "बाई, धा वर्षं मी पाणी घालतोय आन् तुमी शिकवताय. कुणीच बगितलं न्हवतं व्हय ह्ये?"

शनिवारी मी नीलोफरची वही वर्गासमोर उघडली. जुने शेरे पुसले नाहीत. त्यांच्याखाली लिहिले, "वरील दोन्ही शेरे चुकीचे आहेत. आकृती बरोबर. कुंपणावर जाऊन तपासले." आणि सही केली. नंतर कपाटातल्या सत्तेचाळीस वह्या बाहेर काढून त्या पानांवरच्या माझ्या सह्या रद्द केल्या. वर्गात एकच गदारोळ झाला.

"बाई, चूक तुमची, आन् आकृती आम्ही परत काढायची?" मागच्या बाकाचा हा प्रश्न पूर्णपणे न्याय्य होता.

"होय," मी सांगितले, "आणि मीही काढणार. मात्र नीलोफरच्या वहीतून कोणी उतरवायची नाही. प्रत्येकाने आपापला तणावा शोधायचा."

दोन तास अठ्ठेचाळीस मुले आणि एक शिक्षिका कुंपणाला नाक लावून बसली. कोणाच्या तणाव्यात चार वळणे, कोणाच्या नऊ. अठ्ठेचाळीस वह्यांतल्या अठ्ठेचाळीस आकृत्या एकमेकींपेक्षा वेगळ्या असण्याचा माझ्या नोकरीतला तो पहिला दिवस. शाळेत मला दोन-तीनदा शाल-श्रीफळ मिळाले आहे. त्या दुपारचा अभिमान त्याहून मोठा आहे.

सोमवारी तपासणी पथक आले. पथकप्रमुख वयस्क होते, गारगोटीच्या बाजूचे, स्वतः विज्ञानाचे शिक्षक राहिलेले. वह्या चाळताना ते नीलोफरच्या पानावर थांबले. लाल शेरा, पुन्हा लाल शेरा आणि त्याखाली शेरे चुकल्याची कबुली.

"बाई, हे पान काढून टाका. तिच्याकडून नवीन लिहून घ्या. अजून वेळ आहे."

"पान राहील, सर."

"अहो, तुमच्याच दृष्टीने सांगतो आहे. शिक्षकाने स्वतःची चूक वहीत लिहून ठेवली, तर मुलांवर काय परिणाम होईल? शिवाय पुस्तकात असे नाही." त्यांनी मान वर करून वर्गाला विचारले, "ही नीलोफर कोण?"

ती उभी राहिली. मला धास्ती वाटली. मोठ्या साहेबांपुढे माझे विद्यार्थी पुस्तक पाठ म्हणून दाखवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले होते. तिने एक शब्दही पाठ म्हणून दाखवला नाही.

"सर, कुंपण मागंच हाय. या की."

ते खरोखरच गेले. पॉलिश केलेले बूट चिखलात, बगलेत फाईल. बऱ्याच वेळाने परत आले ते वही मागतच. पानाकडे पुन्हा पाहिले. "पंधरा पाहिले," ते मला म्हणाले. "सगळे हिच्यासारखे." मग किंचित थांबून, "माझ्या कॉलेजच्या वहीतही मी पुस्तकातलीच काढली होती हो."

पान राहिले. अहवाल पुढच्या महिन्यात आला. त्यात कुंपणाविषयी एकही शब्द नव्हता. विज्ञान विभागापुढे एवढेच लिहिले होते: "प्रात्यक्षिक वह्यांमध्ये खाडाखोड आढळते. सुधारणा व्हावी." त्या शेऱ्याची एक प्रत मी घरी फायलीत जपून ठेवली आहे.

नीलोफर परीक्षेला बसली. निकाल घेऊन तिचे वडील मला भेटायला आले आणि म्हणाले, "होकार दिलाय बाई. पोरगी बापाचं ऐकत न्हाई, वेलाचं ऐकती." दहावीनंतर ती विज्ञानाला गेली, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली आणि सध्या शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेत आहे.

येथे थांबता आले असते, पण तसे केले तर नोंद अपुरी राहील. निवृत्त होण्याच्या सुमारास गडहिंग्लजला एका लग्नात महादेवी भेटली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता तेथे भाजीच्या रोपांची वाटिका चालवते. मी तिला नीलोफरची हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले. मग माझ्या पानात जिलेबी वाढता वाढता म्हणाली, "मी पण तशीच काढली होती की, बाई. कुंपणाच्या पहिल्या वर्षी. तुम्ही मला तुमचा खोडरबर दिलासा."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाई होतासा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "असू द्या. खावा."

महादेवीसारखे आणखी किती असतील, हे मला कधीच कळणार नाही. त्यांच्या वह्यांवर माझी सही आहे, पूर्ण गुण आहेत आणि आकृत्या चुकीच्या आहेत. माझ्या एकतीस वर्षांच्या कामात मला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. ही एक गोष्ट मात्र त्यात बसत नाही, आणि ती बसवण्याचा प्रयत्नही मी करत नाही.

आता उत्तर. निवृत्त होईपर्यंतची शेवटची नऊ वर्षे आमच्या वहीत निरीक्षणाच्या पानावर तीन रकाने होते. पहिला: पुस्तकात काय आहे. दुसरा: मला काय दिसले. तिसरा: पुन्हा कधी पाहिले आणि सोबत कोणी पाहिले. पहिले दोन जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर दोन्ही लिहायचे, एकही खोडायचा नाही आणि तिसरा रकाना भरण्यासाठी उठून बाहेर जायचे. पुस्तक चुकते, तसा डोळाही चुकतो. नीलोफरचे बरोबर ठरले ते ती निर्भीड होती म्हणून नव्हे. चौघांनी जाऊन पाहिले तेव्हा तिच्या वहीतले आणि वेलावरचे जुळले म्हणून. तिसरा रकाना भरताना माझ्या मुलांची पुष्कळ निरीक्षणे चुकीचीही निघाली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने, तारीख घालून नोंदवली. खाडाखोड पुष्कळ झाली. सुधारणा झाली असे मला वाटते.

वाचकांना एक विनंती आहे. वरील मजकूर मी लिहिला आहे आणि तो आता छापलाही जाईल. एवढ्यावरून तो खरा मानू नये. परसात, कुंडीत, शेजाऱ्यांच्या मांडवावर किंवा शेताच्या बांधावर दोडका, कारले, काकडी यांपैकी जे असेल त्यापाशी जावे. तार किंवा काठी घट्ट धरून बसलेला तणावा शोधावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणे सावकाश मोजावीत आणि दिशा कोठे बदलते ते पाहावे. एकावर समाधान मानू नये; निदान दहा पाहावेत. शक्य असल्यास सोबत कोणाला तरी न्यावे, आणि त्या व्यक्तीला काय दिसेल हे तिला आधी सांगू नये.